बोटीनं आलेला आरसा

प्रिय रंध्या,

धाकटीचं पत्र मिळालं. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि डॉक्टरांनी तुला महिनाभर वाचायला, वाकायला आणि रंधा धरायला मनाई केली, हे कळलं. वाचायची मनाई तू पाळशील, रंध्याची पाळणार नाहीस, हे मी इथे बसून सांगतो. म्हणजे हे पत्र माझी बहीणच तुला वाचून दाखवणार. एका अर्थी ते बरंच आहे, कारण यातलं बरंचसं तिच्याही वाट्याचं आहे. फक्त धाकटे, एवढं कर. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचीस, तसं इथे करू नकोस.

आधी इथली खबर सांगतो. आपल्या चौकातलं मोठं हॉटेल आता पार बदललंय म्हणू, की होतं तसं झालंय म्हणू, तेच मला कळत नाही. तुम्ही दोघं गेलात तेव्हाचा तो पिवळट रंग पुन्हा लागलाय, गच्चीवरचे कठडे पुन्हा बसलेत, आणि अकरा वर्षं कुलूपबंद असलेले वरचे तीन मजले दिवसभर ठोकाठोकीनं दणाणतात. चौकात गाड्यांना बंदी झाली, डांबर उखडून दगड बसवला, बाकं ठेवली. खालच्या दुकानांपैकी घड्याळवाला, टाइपरायटरवाला आणि फोटो स्टुडिओ या सगळ्यांना बस स्टँडमागच्या नव्या इमारतीत जागा दिली. उरलो मी एकटा. माझ्या दुकानासमोर तीन वर्षं परांची उभी आहे आणि तिच्यावर हिरवी जाळी. भर दुपारी आत पाण्याखाली असल्यासारखा उजेड असतो. दाढी करायला दिवा लावावा लागतो. गिऱ्हाईक पाइपांमधून वाकून आत येतं आणि सरळ उभं राहताना हमखास डोकं आपटून घेतं. मग मी आधी टेंगूळ बघतो आणि मग केस.

लोकांना वाटतं, माझं नशीब फळफळलं. घड्याळवाला अजून माझ्याकडेच केस कापायला येतो आणि दर वेळी म्हणतो, मेल्याशिवाय वारसा होणारा पहिला माणूस तू! त्याला कसं सांगू? माझं दुकान वारसा समितीच्या यादीत गेलंय, 'जसंच्या तसं' या सदरात. खुर्ची, आरसा, फरशी, टॉवेलाचं कपाट, सगळ्यावर नंबर चिकटवलेत. नळ गळतो, पण त्याचा वायसर बदलायला तीन पानी अर्ज लागतो. अर्ज दिलाय, नळ गळतोच आहे. आणि करार असा, की पुढची दहा वर्षं हे दुकान मीच, याच जागी, पांढरा कोट घालून चालवायचं. हॉटेलात उतरलेले लोक बघायला येणार ना! वय अडुसष्ट, गुडघे बोलतात, कात्री धरलेली दोन बोटं संध्याकाळी आखडतात. हिला लेकीकडे राहायला जायचंय, पिशव्या भरून ठेवल्यात तिनं. आणि मी त्या करारावर छाती फुगवून सही केली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झालीय. सकाळी कुलूप उघडताना वाटतं, मी दुकान उघडत नाहीये, स्वतःला आत कोंडून घेतोय.

हे झालं कसं, तर जिभेनं. हॉटेलचं काम बघणाऱ्या वास्तुविशारद बाई आहेत, वयानं माझ्या लेकीएवढ्या, गळ्यात बॅटरी आणि हातात टेप. स्वभाव इतका सरळ, की समोरचा बोलेल ते खरं मानतात. पहिल्यांदा आल्या आणि खुर्चीवर हात फिरवून म्हणाल्या, काका, हे सगळं किती जुनं? झालं! उचलली जीभ लावली टाळ्याला. ती खुर्ची मी दात काढणाऱ्या डॉक्टरांकडून उचलली होती हे तुला ठाऊक आहे, अजून तिच्यात बसलं की काही जणांचे दात शिवशिवतात. पण मी सांगितलं, हॉटेलच्या उद्घाटनापासूनची. आणि आरसा? आरसा बोटीनं आला, म्हटलं. परदेशातून, पेंढ्यात गुंडाळून, वादळातून. ही गोष्ट मी छत्तीस वर्षं प्रत्येक गालाला ऐकवलीय. सुरुवातीला नुसती बोट होती. मग वादळ आलं, मग खलाशी आले, एक खलाशी तर आरसा वाचवताना जखमी झाला. बाईंनी ते सगळं लिहून घेतलं. महिन्यानं टाइप केलेला कागद आला: वस्तू क्रमांक चौदा, आरसा, परदेशी बनावट, कारागीर अज्ञात. रंध्या, तो 'अज्ञात' शब्द वाचला आणि माझा घास तोंडातच राहिला.

कारण तो अज्ञात कारागीर आमच्या परसात, माझ्या आईच्या शिव्या खात, दोन महिने लाकडाचा भुसा उडवत होता. तुझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मला म्हाताऱ्या उस्तादांकडून हॉटेलातलं दुकान नुकतंच मिळालेलं, भिंती नागड्या. तू म्हणालास, मेहुण्याच्या दुकानाला तोंड बघण्यासारखा आरसा हवा. तळघरात मोडलेला पियानो पडला होता, हॉटेलनं टाकून दिलेला. तो आपण दोघांनी कोणाला न विचारता फळी फळी करून बाहेर काढला. धाकटी पायऱ्यांवर पहारा द्यायला उभी होती आणि कोणी आलं की खोकायची. इतकी खोकली, की पहारेकऱ्यानं तिला औषध आणून दिलं. त्या लाकडाची चौकट करून तू तिच्यावर वेल कोरलीस, वेलीवर दोन पक्षी. उजव्या पक्ष्याच्या मानेशी गाठ निघाली, म्हणून तू त्याची मान मागे वळवलीस. गेल्या वर्षी समितीचे तज्ज्ञ आले होते. भिंग लावून म्हणाले, मागे वळून बघणारा पक्षी ही एका परदेशी कारखान्याची खूण असते. मी ब्रश धुवायच्या निमित्तानं मोरीत गेलो. आधी हसलो आणि मग बराच वेळ बाहेर येता आलं नाही.

धाकटे, आता पुढचं वाचताना तू थांबशील. थांबू नकोस.

दुकान उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात हॉटेलचे मॅनेजरसाहेब दाढीला आले. मी त्यांच्या गालाला साबण लावला, एक गाल केला. ते आरशाकडेच बघत होते. म्हणाले, हा कुठून आणलास? पियानो त्यांचा, चोरी आपली. शिवाय खरं सांगतो, परसात मेहुण्यानं बनवला म्हणायची लाजही वाटली. इतक्या मोठ्या हॉटेलात नवा होतो ना. मी म्हटलं, साहेब, बोटीनं आलाय. ते हळहळले. म्हणाले, वाईट झालं, इथल्या कोणाचा हात असता तर वरच्या तिन्ही मजल्यांची दारं आणि कपाटं मी त्यालाच दिली असती, आमचं काम करायला माणूस मिळत नाहीये. वस्तरा माझ्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं. पण उस्तादांनी शिकवलेलं, गालावर वस्तरा असताना गिऱ्हाईकाला 'नाही' म्हणायचं नाही, माणूस दचकतो आणि कापतो. तेच मी स्वतःला सांगितलं. दुसरा गाल केला, तुरटी फिरवली, साहेब गेले. गालावर वस्तरा नव्हता तेव्हाही मग मी गेलो नाही त्यांच्याकडे. आज जाऊ, उद्या जाऊ. तीन मजले दुसऱ्या शहरातल्या कंत्राटदाराला गेले.

आणि त्याच वर्षी तुला इथे काम मिळेना. तू शवपेट्याही केल्यास, शाळेची बाकं दुरुस्त केलीस, मग तेही संपलं. ज्या दिवशी हत्यारं ट्रकमध्ये चढवली, त्या सकाळी तू माझ्याच खुर्चीत बसला होतास. मी तुझे केस कापत होतो. तू आरशात माझ्याकडे बघून म्हणालास, या गावाला माझा हात दिसत नाही रे. धाकटी दारात गाठोड्यावर बसली होती, रडून नाक लाल झालेलं. मी मानेवरचे केस झटकले आणि म्हटलं, जपून जा. आई नंतर नऊ वर्षं जगली. दर सणासुदीला विचारायची, तिकडे इतक्या लांब काय ठेवलंय त्यांनी? मी म्हणायचो, काम आहे गं तिकडे. तिच्या लेकीला इतक्या लांब मीच धाडलं होतं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता हे सगळं आजच का उकरतोय ते सांगतो. हॉटेल तीन आठवड्यांनी उघडणार आहे. आरशाखाली पितळी पाटी बसायची होती, बोटीची सगळी हकीकत कोरून. भिंतीला ओल आली म्हणून मागच्या आठवड्यात कामगारांनी आरसा उतरवला आणि पालथा ठेवला. पाठीवर प्लायवूड ठोकलेलं. बाई म्हणाल्या, हे नंतरचं दिसतंय, सोमवारी काढून बघू. ते प्लायवूड मी ठोकलं होतं, मॅनेजरसाहेब उठून गेले त्याच दुपारी. त्याखाली काय आहे ते मला माहीत होतं. शनिवारी दुकान लवकर बंद केलं आणि पॉलिशपेपर घेऊन बसलो. होय, घासून टाकायलाच बसलो होतो. खिळे काढले. तापल्या खिळ्यानं जाळून लिहिलेलं तुझं नाव, शेजारी धाकटीचं, आणि खाली ओळ: मेहुण्याच्या दुकानाला, माझ्या हातचा पहिला आरसा. 'पहिला' लिहिलं होतंस तू. पुढचे किती मनात धरले असशील! मी पेपर नावावर ठेवला, आणि हात हलेना. छत्तीस वर्षांपूर्वी प्लायवूड ठोकताना हलला होता, आता हलेना. शेवटी तसाच फरशीवर बसून गळक्या नळाचे थेंब मोजत राहिलो.

सोमवारी बाई आल्या तेव्हा प्लायवूड बाजूला काढून ठेवलेलं होतं. मी सगळं सांगितलं: पियानो, बोट, मॅनेजर, तू. बाईंनी वही मिटली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाल्या, काका, मला हे कळवावं लागेल. समितीचं उत्तर आजच आलं. दुकान 'जसंच्या तसं' मधून काढलंय, करार रद्द, महिनाअखेर जागा सोडायची. तिथे कॉफीचा काउंटर होणार म्हणे. पण आरसा त्यांना हवाय. हॉटेलच्याच पियानोतून इथल्याच माणसानं घडवलेला, म्हणून आता तो दर्शनी दालनात लागणार. म्हणजे बघ, तुझा आरसा राहिला आणि मी चाललो. हिनं पिशव्या पुन्हा एकदा बांधल्या आणि पदराआड तोंड लपवून हसली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं. पण अजून वाटत नाही. आठवडाभर आरशाची जागा कोरी आहे, गिऱ्हाईकं कुरकुरतात, आणि मला मात्र समोर स्वतःचं तोंड दिसत नाही, एवढाच काय तो आराम.

पुढच्या गुरुवारी बाई तुमच्याकडे येतील, आरसा तूच केलास हे तुझ्या सहीनं लिहून न्यायला आणि पितळी पाटीवर तुझं नाव कसं कोरायचं ते विचारायला. त्यांनी तुझ्या दारात उभं राहून ही गोष्ट सांगण्याआधी ती तू माझ्याकडून ऐकावीस, म्हणून आज हे पत्र लिहितोय. सही करायची की त्यांना दारातूनच परत पाठवायचं, ते तू ठरव, तो हक्क तुझा आहे. माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, मला माहीत आहे, आणि ते इतक्या स्वस्तात मला नको. धाकटे, तू एवढं कर. पत्र खाली ठेव आणि त्याच्या तोंडाकडे बघ. जे दिसेल ते मला एका ओळीत लिही. गोड करून लिहू नकोस. गोड करून सांगायचं काम या घरात मी पुष्कळ केलं.

तुम्हा दोघांचाच,
कात्र्या