दारावरच्या कॅमेऱ्याची बॅटरी

सोमवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. फोन सोडून पत्र, तेही घरी नाही तर तुझ्या ग्रंथालयाच्या पत्त्यावर, म्हणून दचकू नकोस. आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. चिंगी नव्या शाळेत रुळली. शेजारच्या बाकावरच्या मुलीशी रोज भांडते आणि रोज तिच्याच गळ्यात पडते. मला दातांच्या दवाखान्यात चांगलं जमतंय. डॉक्टरीणबाई तोंडाने फटकळ, पण मनाने निर्मळ आहेत.

भाऊजींनी दारावर बसवून दिलेला कॅमेरा नीट चालतो का, असं तू विचारलं होतंस. चालतो, पण त्याची बॅटरी टिकत नाही. एकदा चार्ज केली की दोन-तीन महिने बघायला नको, असं भाऊजी म्हणाले होते. इथे आठवडा काढताना नाकी नऊ येतात.

मी उपाय करायचं काही बाकी ठेवलं नाही. समोरच्या झाडाची फांदी हलली तरी तो जागा व्हायचा, म्हणून झाड आणि रस्ता त्याच्या टप्प्यातून वगळले, फक्त पायरी ठेवली. रेकॉर्डिंग अगदी छोटं केलं. सिग्नल अशक्त असला की कॅमेऱ्याला जास्त जोर लावावा लागतो म्हणे, म्हणून वायफायचा डबा दाराजवळ आणला. ऊन थेट लागत होतं, तर वर पत्र्याचं छप्परही ठोकलं. चिंगी म्हणाली, "आई माझ्यापेक्षा त्याचेच जास्त लाड करते." तरी बॅटरी उतरायची ती उतरायचीच.

मग ॲपमध्ये एक पान सापडलं. बॅटरी कशावर खर्च झाली ते त्यात दिसतं. हालचालीवर जेमतेम, बाकी सगळी 'थेट पाहणे' यावर. म्हणजे कुणीतरी आपल्या फोनवर कॅमेरा उघडून आमचा दरवाजा बघत बसतं. चिंगी शाळेला निघते तेव्हा, शाळेतून येते तेव्हा. मी तर तो क्वचितच उघडते, आणि दुपारी माझा फोन दवाखान्याच्या कपाटात असतो.

मला वाटलं, भाऊजीच काळजीपोटी बघत असतील. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

मागच्या आठवड्यात चिंगी शाळेत पडली, गुडघ्याला पट्टी बांधून घरी आली. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फोनवर तिच्या बापाचा आवाज. "पोरीच्या गुडघ्याला काय झालं?" मी फोन ठेवला. डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. ताई, आपल्या माणसांत हे घर आणि हा दवाखाना तुम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नाही. कोर्टाने त्याला आमच्यापासून लांब राहायला सांगितलंय. आणि त्याला पट्टी दिसली होती.

संध्याकाळी भाऊजींना फोन केला. हा कॅमेरा किती जणांच्या फोनवर आहे, त्यामुळे तर बॅटरी जात नाही ना, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, "तिघांच्या. तुझ्या, माझ्या आणि तुझ्या ताईच्या."

तुझ्या फोनवर ते ॲप नाही. मला नसती यंत्रं नकोत, असं तू मला स्वतः सांगितलं होतंस. तो तिसरा फोन तुझा नाही, ताई.

इकडचं तिकडचं लिहीत बसले ते यासाठीच. तुझ्या संसारात माझ्यामुळे काडी पडायला नको होती.

शुक्रवारी मी कॅमेरा खाली काढला, आधीची सगळी जोडणी पुसली आणि माझ्या एकटीच्या नावावर पुन्हा लावला. बॅटरी आहे तिथेच थांबली. माझी भीती मात्र वाढली. बघणं बंद झालं, आता हा येणार.

काल दुपारी आला. आम्ही जेवत होतो. फोनने सूचना दिली, पाहते तर तो पायरीवर. चिंगीला आतल्या खोलीत नेलं, हूं की चूं करू नकोस म्हणाले. छोटं रेकॉर्डिंग आत्ता थांबेल हे लक्षात आलं, तशी मी थेट कॅमेरा उघडला आणि चालूच ठेवला. तेही साठवलं जातं. जाऊ दे म्हटलं बॅटरी, कितीही गेली तरी. त्याने बेल वाजवली नाही. दार ढकलून पाहिलं. मग कॅमेऱ्याजवळ तोंड आणून हळूच म्हणाला, "दोन दिवस काही दिसत नाहीये. कोणी बंद केलं?"

मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. समोरचे काका गॅलरीत आले तसा तो निघून गेला.

लगेच पोलिसांकडे गेले. त्यांनी सगळं पाहिलं, लिहून घेतलं. कॅमेरा त्याला कोणी दाखवला, असं विचारलं. माझ्या तोंडून "माहीत नाही" निघालं. शुक्रवारी पुन्हा बोलावलंय. या वेळी खरं सांगणार आहे. ते तुला पोलिसांकडून कळू नये, म्हणून हे पत्र.

तू बोलणं टाकलंस तरी तुझीच,
धाकटी


गुरुवार, १२ मार्च

धाकटे,

तुझं पत्र पुस्तकांच्या कपाटाआड उभ्यानेच वाचलं. घरी गेले आणि पायातल्या चपला न काढता यांना विचारलं.

यांनी नाकारलं नाही. पत्ता, दवाखाना, सगळं यांनीच सांगितलं होतं. म्हणाले, "बाप आहे तो. लेकीला लांबून बघितलं तर काय बिघडलं? मला वाटलं, बघून बघून त्याचं मन पालटेल." मी म्हटलं, तो दार ढकलत होता. तेव्हा खाली बसले. मी समजूत काढली नाही.

उद्या माझ्याबरोबर चला, असं सांगितलंय. आले तर त्यांच्या तोंडाने सांगतील. नाही आले तर मी एकटी येईन. हे पत्र टपालात टाकत नाही, तुझ्या हातात देईन. दारात उभी राहून बोलायला गेले तर मला रडू फुटेल आणि चिंगी घाबरेल.

पोलिसांसमोर यांचं नाव तू घ्यायचं नाहीस. ते मी घेईन.

आधी तुझी, मग बाकी कुणाची,
ताई