नकाशावरची मोकळी जागा

आई,

भाईंदर पूर्वेला तू ज्या गाळ्यात स्टीलच्या वाट्या पुसून खोक्यांत भरायचीस, तो गाळा आता नाही. त्याच्या मागच्या खोल्याही नाहीत. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तो गाळा आठवणारं घरात माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. आता एक जण आहे, तिच्याबद्दल पुढे लिहितेच. पण सुरुवात माझ्या नोकरीपासून करायला हवी, कारण ती जागा मीच शोधून दिली.

मी मीरा रोडला, पूनम सागरजवळ, एका बिल्डरच्या ऑफिसात काम करते. काम म्हटलं तर वाचनाचं. शहरात बांधकामाची परवानगी कोणी मागितली, कोणाला मिळाली, कोणाचा अर्ज नामंजूर झाला, कोणी मंजुरी घेऊन वर्षानुवर्षं एक वीटसुद्धा लावली नाही, हे सगळं पालिकेच्या नोंदींत असतं. ते मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघत बसते आणि त्यातून आमच्या साहेबांना नवी बिल्डिंग उभी राहील अशी जागा काढून देते. नामंजूर अर्ज आमच्या जास्त कामाचे. ज्याला एकदा नाही म्हटलंय तो मालक थकलेला असतो, आणि थकलेल्या माणसाशी बोलणी लवकर होतात, असं साहेब म्हणतात. तुझ्या माहेरची गोडदेवची भातशेती अशाच कुणा थकलेल्या माणसानं विकली असेल. मला ते शेत कधी बघायला मिळालं नाही. तू मात्र एका चारमजली इमारतीच्या पार्किंगकडे बोट दाखवून म्हणायचीस, "आमचा शेत इथं व्हता." आणि पुढे चालायला लागायचीस.

गेल्या दिवाळीनंतर एक जुना अर्ज हाती लागला. गाळ्यांच्या मालकाला गाळे पाडून तिथे टॉवर बांधायचा होता. समोरचा रस्ता अरुंद म्हणून परवानगी मिळाली नव्हती. नव्या विकास आराखड्यात तोच रस्ता रुंद दाखवलाय, म्हणजे अडचण आपोआप सुटली होती आणि मालकाच्या ते लक्षात आलेलं दिसत नव्हतं. अशी जागा वर्षातून एखादी मिळते. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मग मी अर्जासोबतचा नकाशा उघडला. रस्त्याच्या बाजूला गाळ्यांची रांग, मागे नाल्याचं वळण, आणि दोन्हीच्या मध्ये एक रिकामा चौकोन. त्यात सुबक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'मोकळी जागा'. नाल्याच्या वळणावरून मी ती जागा ओळखली.

त्या मोकळ्या जागेत मी जेवलेय. शाळा सुटली की मी गोडदेवहून चालत तुझ्याकडे येतेय, गाळ्याच्या दारात थांबतेय. आत स्टीलला चकाकी आणणारी बफिंगची चाकं फिरतायत, चाकांवर बसलेल्या माणसांची तोंडं काळी, फक्त डोळे आणि दात ओळखू येतात. तू टेबलाशी उभी, पदर नाकावरून घट्ट बांधलेला, पुढ्यात वाट्यांचा ढीग. तू मानेनं खूण करतेस आणि मी मागच्या खोल्यांकडे जाते. तिथल्या शेवटच्या खोलीत तुझ्याबरोबर पॅकिंग करणारी मावशी राहायची. सोलापूरकडची. नवरा तिथेच बफिंगला होता. तो तरुणपणीच गेला आणि मालकानं खोली तिच्याकडे राहू दिली. पहिल्या दिवशी मी तिच्या माठातलं पाणी प्यायले नाही, कारण पेल्याच्या कडेला काळं लागलं होतं. तू ते दारातून पाहिलंस. रात्री चिंच आणि राख घेऊन नखं घासता घासता म्हणालीस, "माझ्या हातांना पन तोच काला हाय. त्याच हातांची भाकरी खातंस ना?" दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे दोन पेले पाणी प्यायले. तिला वाटलं ऊन लागलंय.

नंतर तुझा खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि विचारलं, काम काय करता? तू म्हणालीस, पॅकिंग. ते म्हणाले, पॅकिंगनं असं होत नाही. चाकं तुझ्या टेबलापासून हाताच्या अंतरावर होती हे तू सांगितलं नाहीस, आणि मलाही सुचलं नाही. तू गेलीस तेव्हा मावशी स्मशानाच्या वाटेपर्यंत आली, नंतर महिनाभर रोज संध्याकाळी डबा घेऊन येत राहिली. मग मी कॉलेज, नोकरी, लग्न यांत गुंतले आणि तिकडे जाणं सुटलं.

साहेबांना जागा दाखवताना मी सांगितलं होतं, "सर, मागे लोक राहतात. बरीच वर्षं."

त्यांनी नकाशा स्वतःकडे वळवून घेतला. "रेकॉर्ड पे हैं?"

"रेकॉर्डवर नाहीत. पण आहेत."

"मॅडम, नक्शे में खुली जगह है, तो खुली जगह है." ते रागावले नव्हते. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि अशा जागा अजून काढा म्हणाले.

त्याच रविवारी मी तिकडे गेले. बरेचसे गाळे बंद, शटरना गंज. मागच्या खोल्यांत मात्र माणसं होती, बिहारची, ओरिसाची, नांदेडची, आणि शेवटच्या खोलीत मावशी. वाकली होती, पण तिनं मला दारातच ओळखलं. तुझी हनुवटी आहे म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, जागा मी शोधली तेसुद्धा. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

"आज ना उद्या कुणीतरी काढलीच असती की," ती म्हणाली. "पन मला जायचं कुठं, ते सांग."

"मावशी, कागद काय काय आहेत?"

तिनं पिशवी काढली. रेशनकार्डावर सोलापूरचा पत्ता, आधारवर तिच्या भाच्याच्या घरचा. लाइटबिल मालकाच्या नावाचं. त्या खोलीत तिचं सगळं आयुष्य गेलं आणि ती तिथे राहते असं सांगणारा एकही कागद नव्हता. इतर खोल्यांतही थोड्याफार फरकानं तेच.

पुढच्या महिन्यात पेपरात आमच्या वकिलांची जाहीर नोटीस आली. जमीन घेण्याआधी अशी नोटीस देतात: या जागेवर कोणाचा हक्क वा हरकत असल्यास लेखी कळवावे, न कळवल्यास हक्क नाही असे समजले जाईल. मला वाटलं, एवढा एक रस्ता आहे. नकाशात ही माणसं नाहीत, पण हरकत दिली तर निदान एका कागदावर तरी ती येतील, आणि पुढे कोणाला मोकळी जागा म्हणता येणार नाही. मी पुन्हा गेले, खोलीखोलीतून फिरले. कोण राहतं, कधीपासून, घरात माणसं किती, गावी कोण, सगळं विचारून नीट लिहिलं. मी कुठे काम करते हे मावशीनं कोणाला सांगितलं नाही. त्यांनी मला ताईताई करून खुर्ची दिली, सह्या केल्या, अंगठे उठवले. मावशीनं तुझ्यासारखी सही केली, एकेक अक्षर सुटं. हरकत रजिस्टर पोस्टानं मीच पाठवली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा ती त्यांच्या पुढ्यात होती. अक्षर त्यांनी ओळखलं होतं. नोकरी गेली असं समजून मी उभीच राहिले.

"बैठो मॅडम," ते म्हणाले. "अच्छा काम किया. हम तो सर्व्हे कराने वाले थे."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी कागद उलटून दाखवला. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं खुणा होत्या. ज्यांचं गावी घर आहे, त्यांच्यापुढे एक. जे एकटे आहेत, त्यांच्यापुढे दुसरी. मी नोंदवलेली माहिती त्यांनी तशीच्या तशी वापरली. एकेका खोलीत वेगवेगळ्या वेळी त्यांचा माणूस गेला, प्रत्येकाला सांगितलं की बाकीचे तयार आहेत. कोणाला गावचं तिकीट आणि थोडे पैसे, कोणाला नालासोपाऱ्यात काही महिन्यांचं भाडं, एकाला पोराच्या नोकरीचा शब्द. एकत्र बसून बोलायला त्यांना वेळच मिळाला नाही. खोल्या खाली करायच्या नोटिशीची मी वाट बघत असतानाच त्या रिकाम्या झाल्या. हरकतही मागे घेतली गेली, त्याच सह्यांनी. मारहाण नाही, पोलीस नाही, आरडाओरडा नाही. लिहून घेताना एका नांदेडच्या बाईनं मला गूळ-शेंगदाणे दिले होते. ती कुठे गेली ते मला माहीत नाही. मी विचारलं होतं, साहेबांच्या माणसाला आठवत नव्हतं.

हरकत मागे घ्यायच्या कागदावर मावशीनं सही केली नाही. साहेबांना तिच्या सहीची गरजही नव्हती, शेजारच्या भिंती पडल्यावर तिच्या छपराला आधार उरला नाही. मी रिक्षा घेऊन गेले तेव्हा ती बाहेर पत्र्याच्या पेटीवर बसली होती आणि जेसीबी चालवणारा मुलगा ती उठायची वाट बघत होता, मान खाली घालून. मी म्हटलं, मावशी, चल. तिनं विचारलं नाही कुठे.

आता ती आमच्याकडे असते. माझा नवरा काही बोलला नाही, याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे. नोकरी मी सोडली नाही. मुलीची फी आहे, घराचा हप्ता आहे, ही कारणं खरी आहेत. त्या कारणांनी मला झोप लागत नाही, हेही खरं आहे. रोज सकाळी मी नवे अर्ज उघडते आणि कुठे मोकळी जागा लिहिलेलं दिसलं की पान बदलत नाही, बराच वेळ बघत राहते. मग यादीत घालते.

जागा बदलल्यापासून मावशीचं डोकं ठिकाणावर नाही. सकाळी उठून पदर नाकावर बांधते आणि दाराशी उभी राहते, गाळा उघडायची वेळ झाली म्हणून. मला ती ओळखत नाही. मला ती तूच समजते. तुझ्या नावानं हाक मारते, तुझ्या पोरीची चौकशी करते, शाळेतून आली का, पाणी प्यायली का. पहिल्यांदा मी तिला समजावलं. आता समजावत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एवढं सांगून कागद मिटते. आई, ती हाक मारते आणि मी ओ देते. तुझ्या नावानं कोणी बोलावलं की मला बरं वाटतं.