जर्मन मशीनची पाती

अहो,

तुमच्या लाकूड कापायच्या जर्मन मशीनची पाती शोधू नका, ती मी पर्समध्ये घालून नेली आहेत. इंदिरा नगरला वन्संकडे जाऊन तीनपर्यंत येते. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

नव्या फरशीसाठी दाराची चौकट खालून बोटभरच कापायची होती, काल तुमचा काप चार बोटं वर भरकटला. असो. मिस्त्री भैया येऊन पट्टी मारून देतील, त्यांच्यावर ओरडू नका.

पातं थरथरतं म्हणून हात हलतो, असं तुम्ही म्हणालात आणि मी मान डोलावली.

चार वाजता डॉक्टरांकडे जायचं आहे, जेवून तयार राहा. कशाला, म्हणून विचाराल. काल मध्येच लाइट गेली, मशीन बंद पडलं, तरी तुमच्या हातातलं पातं चौकटीवर टकटक वाजत होतं.

शुभदा