ताईचं नवं नाव

तीर्थरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींना आणि मुलींना आमची आठवण सांगा. थंडीत उगाच जिन्यावरून चढ-उतार करू नका. (पत्राच्या सुरुवातीला तुला अहो-जाहो करायची माझी जुनी सवय. एवढा आदर पुरे, आता मुद्द्यावर येतो.)

नाताळच्या सुट्टीत आम्ही ताईकडे राहून आलो. पोराला घेऊन पहिलाच लांबचा प्रवास. सामान इतकं की खालच्या मजल्यावरच्या काकू 'घर सोडलंत का?' म्हणून निरोप द्यायलाच बाहेर आल्या. एवढं घेऊनही त्याचा कापडी ससा घरीच राहिला, आणि सशाशिवाय हे महाशय डोळा मिटत नाहीत. शेवटी हिने माझ्या मफलरला दोन गाठी मारून कान काढले. पोराने तो ससा क्षणभर न्याहाळला आणि समोरच्या गृहस्थांच्या चहात सोडला. गृहस्थ सज्जन होते. नुसते उठून दुसऱ्या डब्यात गेले. मला वाटलं, या सुट्टीतली लाज इथेच उरकली. कसलं काय!

दादा, 'भुणभुण' हा शब्द तुझा आहे, हे आधी मान्य कर. ताईचा फोन रोज संध्याकाळी, नेमका पहिला घास तोंडाशी नेताना. पोराला मोजे घातलेत का, खोकला गेला का, खिडकी लावली का, तू नीट जेवतोस का (जेवू दिलंस तर जेवेन ना!). तू एकदा हसत म्हणालास, 'आली का तुझ्याकडेही भुणभुण?' आणि आम्ही दोघांनी तो शब्द जो उचलला, तो काही केल्या सोडला नाही. फोन वाजला की 'आली भुणभुण'. बोलणं झालं की 'संपली एकदाची भुणभुण'. पोर शेजारी बसून अंगाला सूप फासत असायचं. त्याला काय कळतंय, असं आपल्याला वाटतं.

ताईने दार उघडलं. गळ्यात शिवणकामाची टेप, बाहीला दोऱ्याचे तुकडे, चेहरा नुसता फुललेला. फोनवर रोज दिसणारा तो चेहरा पोराने तत्काळ ओळखला, दोन्ही हात पसरले आणि साऱ्या जिन्यात घुमेल अशा आवाजात ओरडला, 'भुणभुण!' (याला अजून 'बाबा' म्हणता येत नाही.) ही वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. हिच्या बुटांना नाड्या नाहीत.

ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पोराला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "अगंबाई, माझ्या मशीनचा आवाज तो! फोनवर ऐकलास होय रे? किती लक्ष असतं गुलामाचं!" मी म्हटलं, "हो हो, मशीनच." इतक्या जोरात म्हटलं की शेजारचं दार उघडलं.

पुढे सुट्टीभर माझी जी गत झाली ती शत्रूची होऊ नये. ताईने वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, ती जिथे कपडे अल्टर करते त्या दुकानाच्या मालकाला सांगितलं, की भाच्याने मला नाव ठेवलंय बघा. मालक 'या भुणभुणबाई' म्हणाले तेव्हा मला जमीन दुभंगावी असं वाटलं. मग तिने स्वतःच्या ॲप्रनवर लाल दोऱ्याने ते नाव भरलं. सकाळी डोळे चोळत स्वयंपाकघरात जावं, तर चहाच्या कपामागे ठसठशीत अक्षरांत माझं पाप उभं!

त्यातच पोराने बटणांच्या डब्यातलं एक निळं बटण नाकात घातलं. धावतपळत डॉक्टरकडे गेलो. पोर रडून लाल, आणि एकच धोशा, 'भुणभुण! भुणभुण!' डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, "कानातही काही घातलंय का? त्याला भुणभुण ऐकू येतेय." मला सांगावं लागलं, "नाही डॉक्टर, ती माझी मोठी बहीण आहे." पोरगा हिच्याकडे राहीना, माझ्याकडे तर नाहीच. ताईच्या मांडीवर जाऊन तिच्या टेपचं टोक मुठीत धरलं, तेव्हा कुठे शांत झाला. बटण निघालं. मी सगळ्यांचे कोट धरून भिंतीशी उभा होतो. दादा, खरं सांगतो, इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

असो. ताईला काही कळलेलं नाही, तेव्हा तू निर्धास्त राहा. वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तू पुढच्या आठवड्यात तिच्याकडे जाणार आहेस. ॲप्रन दिसेल. हसू नकोस.

ता. ता. क. ताईला काही कळलेलं नाही, हे वर लिहिलंय ते खोटं आहे. निघताना पोराला माझ्या हातात देत ती हळूच म्हणाली, "फोन करताना मी मशीन बंद करते रे. तुमचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून. आणि तू फोन ठेवतोस, पण बंद करत नाहीस." मी पोराची टोपी उगाच सारखी करत राहिलो. तर तीच म्हणाली, "जाऊ दे. त्याच्या तोंडी गोड वाटतं."

शेवटचं. परत आल्यापासून तिचा फोन आलेला नाही. जेवणाच्या वेळी पोर चमचा खाली ठेवतं, फोनकडे बघतं आणि विचारतं, 'भुणभुण?' तिला फोन करायला मला तोंड नाही. तेवढा तू कर. म्हणावं, रोज कर, पहिल्या घासालाच कर. आणि बोलून झालं की तू फोन नीट बंद कर.