न सरकणारा डाग

४ सप्टेंबर
बाल्टिमोरला पोचले. मिनेसोटापासून गाडी हाकत आले, मागच्या सीटवर सगळ्या कुंड्या. एकही फुटली नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगेत एक खोली मिळाली आहे. घरमालकीण पहिल्या मिनिटापासून मला ‘राणी’ म्हणते. इथे सगळेच सगळ्यांना म्हणतात. माझ्या विभागातला ऑटिस यिंगलिंग खेकडे खायला घेऊन गेला. टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं आणि लाकडी हातोडीनं कवच फोडायचं. मी हातोडी उलटी धरलेली पाहून म्हणाला, मॅरेनबाई, तुमच्याकडे खेकडे अंगाई म्हणून झोपवतात वाटतं.

९ सप्टेंबर
काम आवडलं. विश्व किती वेगानं फुगतंय ते मोजायच्या दोन रीती आहेत. दोन्हींची उत्तरं जुळत नाहीत आणि कोण चुकतंय ते कुणालाच कळत नाही. म्हणून आमची दुर्बीण अंतराळातून दूरच्या ताऱ्यांची चित्रं घेते आणि मी ती स्वच्छ करून देते. नियम सोपा आहे. दुर्बीण केसभर सरकवून पुन्हा चित्र घ्यायचं. आकाशातलं जे असेल ते चित्रात सरकतं. न सरकणारा डाग हा कॅमेऱ्याचा दोष. त्यावर ठिगळ लावायचं, म्हणजे आजूबाजूचा उजेड घेऊन सॉफ्टवेअर ती जागा भरून काढतं. शेवटी माझी सही. आधी हे काम वांडा झिलिन्स्की करायची. तिनं नोकरी का सोडली, असं विचारलं तेव्हा ऑटिस कॉफीत साखर घालत राहिला. तो साखर घेत नाही.

१७ सप्टेंबर
प्रत्येक चित्राच्या मधोमध एक काळा डाग आहे. सरकत नाही, म्हणून दोष. वर्षानुवर्षं त्यावर ठिगळ. आज झाकण बंद करून, आतला दिवा लावून घेतलेली चित्रं काढून पाहिली. त्यांत डाग नाही. कॅमेरा बिघडलेला असता तर तिथेही दिसला असता. म्हणजे तो बाहेर आहे, आणि दुर्बीण जिकडे वळेल तिकडे तिच्यासमोर येऊन उभा राहतो.
ऑटिस म्हणाला, आरशावरची धूळ असेल. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाला, पण धूळ वाढत नाही.

२५ सप्टेंबर
जुनी चित्रं ओळीनं लावली. डाग वाढतोय. वांडा गेल्यापासून मी येईपर्यंत ठिगळ लावणारं कुणी नव्हतं. तेवढ्याच काळात वाढ थांबली होती. माझ्या सह्या सुरू झाल्या आणि पुन्हा वाढू लागला. झाकलं की वाढतो.
विभागप्रमुख गेदरबाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, पोरी, पुढच्या महिन्यात या चित्रांचा जोडलेला आकाशाचा नकाशा लोकांसाठी खुला होतोय, मधोमध भोक पडलेलं आकाश दाखवू का मी त्यांना? ठिगळ लाव आणि सही कर. मी नाही म्हणाले. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, वांडाही कामाला चांगली होती.

३० सप्टेंबर
दुपारी वांडाकडे गेले. डोळ्यांवर घट्ट फडकं बांधलेलं. जिकडे पाहावं तिकडे डाग दिसायचा म्हणून बांधलं, म्हणाली. आता फडक्याआड तो सगळीकडे झालाय. मला म्हणाली, गपचूप सही कर गं, तुला अजून पाहिलं नसेल त्यानं. मी म्हणाले, फडकं सोड, झाकल्यानंच वाढतो तो. तिनं दार लावून घेतलं.

३ ऑक्टोबर
पावाला लोणी लावत होते. पावाच्या मधोमध डाग. नजर हलवली, तोही हलला. डॉक्टर म्हणतात, डोळे ठणठणीत आहेत.
सही केली नाही.

६ ऑक्टोबर
माझं काम ऑटिसला दिलं. तो घामाघूम. खेकडे फोडता येतात आणि नाही म्हणता येत नाही होय रे, असं त्याला म्हणाले. मग संगणक उघडा ठेवून उठला आणि म्हणाला, कॉफीला जातोय, मला वेळ लागेल.
ठिगळं काढली. सगळी चित्रं जगासमोर ठेवली. खाली लिहिलं, मधोमध बघा.

८ ऑक्टोबर
नोकरी गेली. लाखो लोक बघताहेत. ऑटिसचा फोन आला, नव्या चित्रांत डाग लहान झालाय. मी विचारलं, मग उरलेला गेला कुठे? त्यानं फोन ठेवला.

९ ऑक्टोबर
इथे आलाय. भिंतीएवढा — फक्त कडा दिसतात. डोळे मिटले की वाढतो. मिटणार नाही.

दुपार
पापणी लवते तेवढ्यानंही — चिकटपट्टी लावली आहे. पाणी वाहतंय. अक्षरं दिसत नाहीत, अंदाजानं —
वांडाचा फोन. फडकं सोडलंय म्हणे. कडेला खिडकी दिसते तिला. रडत होती, मला शिव्या देत होती —

कडा गेल्या, आता सगळीकडे तोच. पट्टी सुटतेय, बोटांनी पापणी धरली —
ये. बैस असा समोर. ठिगळ लावणारं इथे कुणी नाही. हवा तेवढा मोठा हो, मी बघ