यंदाचं सगळं वर्ष नाटकात गेलं

अब्बा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हा तरी आपण कुठं पत्रं लिहीत होतो? मलकापूरच्या दुकानात तुम्ही पायमशीन चालवायचात, मी शेजारच्या स्टुलावर काज-बटणं करत बसायचे. बोलायचं ते मशीन थांबलं की बोलून व्हायचं. आज लिहायला बसले, कारण वर्ष फार चांगलं गेलं आणि चांगलं काही सांगायचं म्हटलं की अजून तुमचाच चेहरा आधी समोर येतो. मी आता बावन्न वर्षांची आहे. वर्षभर नाटकाशिवाय दुसरं काही केलं नाही.

सुरुवात कोयनानगरला झाली. तिथल्या शाळेत आठवडाभर नाटक शिकवायला गेले होते. पहिल्या दिवशी कुणी तोंडच उघडेना. शेवटी दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमाला शुद्ध बोलता येत न्हाई." मी विचारलं, "तुझी आई भांडते तेव्हा शुद्ध भांडते का?" सगळा वर्ग हसला, आणि मग त्यांना गप्प करणं हेच माझं काम होऊन बसलं. चौथ्या दिवशी मी त्यांना घाबरण्याचा अभिनय करायला सांगितला. तीच मुलगी म्हणते, "मॅडम, हलतंय." मी म्हणते, "छान, पण चेहऱ्यावर दिसू दे." ती शांतपणे म्हणते, "न्हाई मॅडम, खरंच हलतंय." तेव्हा कुठं मला खिडकीची तावदानं वाजताना ऐकू आली. मुलं सवयीनं रांग करून मैदानात निघाली, आणि मी चपला तिथंच टाकून त्यांच्या पुढं धावत सुटले. भूकंपाचा धक्का बारीक होता, कुणाच्या घरातलं भांडंही पडलं नाही. एकानं मला पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमी लय भारी घाबरला." शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतःच एक नाटुकलं रचलं, त्यात बाहेरगावाहून आलेली एक भित्री बाई होती. ती कोण, हे मला विचारावं लागलं नाही. मीच सगळ्यांत जास्त हसले.

दिवाळीनंतर कुंडलच्या बायकांनी बोलावलं. बचत गटातल्या आठ जणी, नाटक माझंच. फौजेतला नवरा सुट्टीवर घरी येतो, त्या आठवड्याची गोष्ट. त्याच्या बायकोचं काम जिला दिलं होतं तिचा नवरा खरोखरच फौजेत होता. दोन तालमी झाल्या आणि तिचं येणं बंद झालं. सासऱ्यांनी नको म्हटलं होतं. सासरे निवृत्त सुभेदार, घरचा ऊस, गावात शब्दाला मान. तिच्याशिवाय नाटक उभं राहणार नाही हे मला कळत होतं, म्हणून त्यांच्या घरी गेले. ते म्हणाले, "आवं बाई, आमच्या घरातली सून स्टेजवर? लोक काय म्हनतील?" अब्बा, मला एकदम आपलं दुकान दिसलं. मी पंधरा वर्षांची आहे, मोहल्ल्यातली वडीलधारी माणसं दारात उभी आहेत आणि हाच प्रश्न तुम्हाला विचारतायत. तुम्ही खडू खाली ठेवता आणि म्हणता, "आधी पोरीचं काम बघून या. मग लोकांचं बघू." मीही सुभेदारांना तेच म्हटलं. "तुम्ही स्वतः तालमीला या. खटकलं की तिथंच थांबवा."

ते आले. घरून खुर्ची घेऊन आले आणि रोज येत राहिले. तीन दिवस एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या दिवशी उठून म्हणाले, "सुट्टीवर आलेला जवान असा धाडधाड दार वाजवत न्हाई. ब्याग खाली ठिवतो आनि जरा उगं उभा ऱ्हातो. घरातला आवाज ऐकतो. मग वाजवतो." सून त्यांच्याकडे बघत राहिली. त्या घरात हे तोवर कुणी कुणाला सांगितलेलं नसावं. आम्ही ते तसंच नाटकात घेतलं, आणि त्या दिवसापासून तिचं दार उघडणंच बदललं.

तिचा आवाज मात्र बारीक होता. मग तिला तुमची गोष्ट सांगितली. शाळेतलं माझं पहिलं नाटक, परतताना मी सायकलवर मागं बसून कौतुकाची वाट बघतेय आणि तुम्ही म्हणता, "मी पार मागं बसलो होतो. मला नुसते तुझे ओठ हलताना दिसले. मागं बसणाऱ्यानं काय गुन्हा केलाय?" मी घरापर्यंत रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला रस्त्याच्या पलीकडे उभं केलंत, मशीन जोरात चालवलंत आणि म्हणालात, "आता बोल." आमच्या तालमी गावातल्या शाळेत चालायच्या, तिथल्या आवारात मी तिला पार टोकाला उभं केलं. तीही रडली, आणि मग बोलली.

प्रयोगाला सगळं गाव लोटलं. पहिला अर्धा तास उत्तम गेला आणि मग ऐन रंगात ती वाक्य विसरली. विंगेतून मी सांगतेय, तिला ऐकू येत नाहीये. एवढ्यात पहिल्या रांगेतून सुभेदारांनी परेडच्या आवाजात ते वाक्य म्हटलं. तिनं पदर सावरला, त्यांच्याकडे वळून म्हणाली, "व्हय मामा, त्येच सांगत हुते," आणि पुढचं नाटक सुरू केलं. टाळ्या थांबेनात. नंतर सुभेदार मला म्हणाले, "पुढच्या वर्षी म्हाताऱ्याचं काम असंल तर बघा."

गेल्या महिन्यात सांगलीला माझा प्रयोग झाला. शिवणकाम करणारी सत्तर वर्षांची बाई करते मी. एक डोळा मिटून दोरा ओवायची लकब तुमची उचललीय, विचारलं नाही. नाट्यगृह गच्च भरलं होतं, लोक पायऱ्यांवर बसले होते. शेवटी वाकून नमस्कार करताना खूप बरं वाटलं, आणि लगेच थोडं वाईटही वाटलं.

कारण याच सांगलीतला माझा पहिला प्रयोग तुम्हाला बघायचा होता. तुम्ही फोनवर विचारलंत, "येऊ का?" मी म्हटलं, "नका येऊ अब्बा, हाऊसफुल्ल आहे." तुम्ही केवढे खूश झालात. महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला कपड्याचं माप घेता घेता सांगत होतात, "पोरीच्या नाटकाला खुद्द बापाला जागा मिळाली न्हाई." मी घरी परतले होते, शेजारी बसून मुकाट्यानं बटणं लावत होते. माझ्यासाठी तुम्ही एवढ्यांशी भांडलात आणि मी रिकाम्या खुर्च्यांसमोर काम करतेय, हे तुम्हाला दिसू नये एवढंच तेव्हा मनात होतं.

हे पत्र वहीतच राहील, त्याला पत्ता नाही. पण एकदा लिहून ठेवते. जागा होती अब्बा. पुष्कळ होती.