लाल दोरा

वाडी, ता. १८ नोव्हेंबर १९७३

ती. सौ. यमुताईस, अनंतचा शि. सा. न. वि. वि.

तीनदा कागद घेऊन बसलो अन् तिन्ही वेळा उठलो. तू धरमपेठेत, मी वाडीत, पायी यायचं अंतर. पण तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून लिहून राहिलो. इथं एका ट्रकवाल्यानं केबिनमध्ये पोपट पाळला आहे, येईल त्याले रामराम घालते... असो.

सावनेरजवळ अंजनाबाई धनगरणीकडे मेंढ्या राखायला होतो, हे तुले ठाऊकच. तुझं कार्ड तिथंच आलं. बाई शाळेत गेली नाही, पण डॉक्टरच वं! मेंढीची खालची पापणी ओढते अन् एका नजरेत सांगते. लाल असली तर सोड, पांढरी पडली तर पोटात जंत. मग पळसाच्या बिया कुटून ताकात कालवायच्या अन् उपाशीपोटी बांबूच्या नळकांड्यानं पाजायच्या. चौथ्या दिवशी मरगळलेली मेंढी बाभळीच्या शेंगांसाठी भांडते! पाजायचं काम माझं. निम्मं औषध माझ्याच सदऱ्यावर. बाई विचारे, जंत मेंढीले झाले का तुले?

फक्त गाभण मेंढीले पळस द्यायचा नाही, गाभ पडतो. तिच्या कानाले बाई लाल दोरा बांधते. हे मले उशिरा कळलं. पहिल्याच आठवड्यात चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा एका मेंढीचा दोरा सोडून मी तो चपलेले बांधला होता. नेमकं तिलेच पाजलं. पहिल्या वेताची, बाईची लाडकी. पाजून झाल्यावर पायाकडं लक्ष गेलं, अन् बाईले न सांगता पळालो. कोकरू गेलं असेल तर माझ्या हातानं गेलं, ताई.

रागाव, पण माया आटवू नको.

तुझा अनंत

धरमपेठ, ता. २१ नोव्हेंबर १९७३

चि. अनंतास अनेक आशीर्वाद.

आठवीच्या परीक्षेतून पळालास, यांनी लावून दिलेल्या नोकरीतून पळालास. तेव्हा मागे कोणी वाट पाहत नव्हतं. आता एक बाई आहे. उद्याच सावनेरची गाडी धर. कोकरू गेलं असेल तर तिच्याच तोंडून ऐक.

इथवर लिहिलं अन् फाटकाशी हाक आली. खांद्यावर घोंगडी, हातात माझंच कार्ड. पत्ता विचारत विचारत अंजनाबाई आली आहे! मेंढी परवा व्याली म्हणे, कोकरू उड्या मारून राहिलं. मेंढीच्या तोंडाचं ताक पाहून अन् तुझ्या चपलेतला लाल दोरा आठवून बाईनं तेव्हाच ओळखलं होतं. आठ दिवस जीव मुठीत धरला; आशा एवढीच, की निम्मं तुझ्या सदऱ्यावर होतं.

आता तीस मेंढ्या पाजायच्या राहिल्या, माझं पोरगं कुठं आहे, म्हणून विचारते. कनवटीतून तिनं चपलेचा नवा अंगठा काढून माझ्या हाती दिला. हा लाव म्हणा, अन् माझ्या मेंढ्यांचे कान सोड.

दूधवाल्याच्या हाती हे पाठवते. चहा ठेवला आहे, ती बसली आहे.

तुझी वाट पाहणारी
यमुताई